स्वतःच्या कवितांची एआयच्या साहाय्याने गाणी करण्याबाबत सल्ला हवा आहे

धागाकर्ती
नमस्कार. माझ्या वहीत बऱ्याच कविता आहेत. काही अष्टाक्षरी (ओळीत आठ अक्षरे), काही भुजंगप्रयात या वृत्तात, तर काही मुक्तछंदात. त्यांतल्या निवडक कवितांची गाणी करून घरच्यांना आणि स्नेह्यांना ऐकवावीत, अशी मनापासून इच्छा आहे. ‘सुनो’ या एआयने गाणी तयार करणाऱ्या साधनावर एक कविता देऊन पाहिली. चाल गोड लागली, परंतु ‘कळी’ची ‘कली’ झाली आणि ‘चांदणे’तला ‘च’ हिंदी वळणाने आला. उच्चार कसे सुधारावेत, आधी कोणत्या कविता घ्याव्यात आणि अशा गाण्यावर हक्क कोणाचा राहतो, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
ताई, सुरुवात अष्टाक्षरीपासून करा, कारण ती आठ मात्रांच्या केरवा तालात सहज बसते. तरीही अक्षरांवर लक्ष ठेवावे लागते. ‘दारी पारिजात फुले’ अशी ओळ असेल, तर छंदात ‘जात’मधला ‘त’ पूर्ण उच्चारला जातो. यंत्र मात्र बोलण्यातल्यासारखे ‘पारिजात्’ म्हणते, आठाची सात अक्षरे होतात आणि ‘फुले’ वेळेआधीच येऊन पडते. अशा ठिकाणी ‘पारिजा-त’ असे तोडून लिहिले की बरेचदा ओळ सावरते. ‘चांदणे’साठी ‘त्सांदणे’ लिहून पाहा. ‘ळ’ मात्र दर वेळी निराळा येतो, त्यामुळे तेच कडवे पुन्हा पुन्हा गाऊन घेऊन त्यातले शुद्ध निवडावे लागते. हे सारे फेरफार केवळ यंत्राला द्यायच्या प्रतीत करा. यंत्राला जमत नाही म्हणून मूळ कवितेतला नेमका शब्द कृपया बदलू नका.

भुजंगप्रयाताचे प्रकरण वेगळे आहे. ‘लगागा’ (एक लघू म्हणजे ऱ्हस्व आणि दोन गुरू म्हणजे दीर्घ अक्षरे) चार वेळा, म्हणजे पाच-पाच मात्रांचे गट. यंत्राचा ओढा चार मात्रांच्या ठेक्याकडे असतो, त्यामुळे लघू अक्षरे ताणली जातात, गुरू आखडतात आणि वृत्ताचा डौल जातो. अशी कविता आधी स्वतः गुणगुणून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि ते मुद्रण ‘सुनो’वर चढवून त्यावर वाद्यमेळ करून घ्यावा. आवाज साधा असला तरी चालेल, लय मात्र पक्की हवी. माझ्या मते हाच मार्ग सर्वांत चांगला, कारण त्यात चालही तुमचीच राहते.

प्रतिसाद २
हक्कांविषयी लिहितो. १९५७च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार तुमच्या कवितेवर तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हक्क राहतो. ती यंत्राकडून गाऊन घेतल्याने तो जात नाही. ध्वनिमुद्रणाचे तसे नाही. ‘सुनो’च्या मोफत योजनेतले गाणे व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही, त्यामुळे पुढे ते विक्रीसाठी काढायचे असेल, तर सशुल्क योजना घेऊनच तयार करा आणि त्या वेळच्या अटी वाचून जपून ठेवा. आणखी एक आग्रहाची विनंती : एखाद्या गायिकेच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांकडे वळू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना अशा नकलेविरुद्ध अंतरिम दिलासा दिलेला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याने आयुष्यभर घडवलेला आवाज न विचारता घेणे योग्य नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनःपूर्वक आभार. भुजंगप्रयातातल्या कविता स्वतःच गुणगुणून पाठवीन. मुक्तछंदाचे काय करावे?

प्रतिसाद ३
मुक्तछंद सगळाच गाऊन घेण्याचा अट्टहास नको. त्यातल्या ज्या एक-दोन ओळी आपोआप ओठांवर येतात, त्यांचे ध्रुवपद करा आणि उरलेली कविता तानपुऱ्याच्या साथीवर स्वतःच्या आवाजात वाचा. शैलीच्या रकान्यात नुसते ‘भावगीत’ लिहिले, तर भलताच वाद्यवृंद येऊ शकतो. त्याऐवजी हार्मोनियम, तबला, बासरी, मंद लय, स्त्रीस्वर असे स्पष्ट लिहा आणि ढोल किंवा इलेक्ट्रॉनिक ठेका नको असल्यास तेही नमूद करा.