थोरला भाऊ श्रावण पाळतो आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसतात, काय करू?

लेथवाल्याचा भाऊ:
नमस्कार मंडळी, घरातली गोष्ट आहे म्हणून नाव टाकत नाही. थोरला भाऊ, वय ३८, उद्यमनगरात लेथवर आहे, हात असा बसलाय की मालक अजून काढत नाही. दहा-बारा वर्षं पितोय, आता सकाळी चपटी पोटात गेल्याशिवाय चहाचा कप धरवत नाही. पण घरात सगळ्यांचं एकच, "तो काय बेवडा न्हाय, श्रावण पाळतोय की". पाळतो, खोटं नाही. गेल्या वर्षी गटारीला लई घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. दोन दिवस घाम, उलट्या, झोप नाही, आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढल्यात म्हणून खराटा घेऊन उठला, मला ओळखेना. आई म्हणाली बाहेरचं लागलंय, लिंबू उतरवलं. शेवटी शेजारच्या काकांनी थोडी पाजली तेव्हा गडी शांत झाला, आणि श्रावण तिथंच संपला. आता परत श्रावण तोंडावर आलाय. वहिनीला कुणीतरी पावडर दिलीय, २२०० रुपये, आमटीत कालवायची, चव नाही वास नाही, महिन्यात सुटते म्हणे. देऊ का? कुणाचा अनुभव?

जाळ धूर संगटच:
तांबड्या रश्श्यात टाक भावा, तिखटात काय कळत न्हाय

आजचा दिवस:
वरच्या भावाला हसू येतंय, येऊ दे, मीपण हसायचो.
पहिलं म्हणजे ती पावडर टाकून दे. तिच्यात काय असतं ते विकणाऱ्याला तरी माहीत असतं का देव जाणे. डायसल्फिराम नावाची एक गोळी असते, ती पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागते, उलट्या, बीपी खाली, माणूस जाऊपण शकतो. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. डॉक्टर देतात, नाही असं नाही, पण माणसाला सांगून, त्याची तयारी असेल तर. तुम्ही न सांगता घालणार आणि तो नेहमीसारखा पिणार, त्याला काय माहीत आमटीत काय आहे!
दुसरं, त्या मुंग्या. बाहेरचं वगैरे काही नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम तोडली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत हे असं भास होणं, माणसं न ओळखणं. डॉक्टर लोक त्याला डीटी म्हणतात, डिलिरियम ट्रेमेन्स, आणि त्यात माणसं दगावतात. गेल्या वर्षी तुमचा भाऊ वाचला हे नशीब समजा. म्हणजे श्रावण पाळणं हा पुरावा नाही भावा, उलट श्रावणातच कळलं की शरीर किती अडकलंय.
माझं सांगतो. शिरोलीत फौंड्रीत होतो. पंढरपूरला जाऊन माळ घातली, सात महिने टिकली. मग काय करायचो, माळ काढून देव्हाऱ्यात ठेवायची, पिऊन यायचं, आंघोळ करून परत घालायची. देवाला फसवतोय असं वाटायचं नाही, हिशेब चोख आहे असंच वाटायचं. शेवटी ॲडमिट झालो, डॉक्टरांनी गोळ्यांवर पाच-सहा दिवसांत उतरवली, आणि मग एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगा धरल्या. फी नाही, नाव सांगावं लागत नाही, सोडायची इच्छा एवढीच अट. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनीच सुरू केलेलं आहे ते, त्यातला एक तर डॉक्टर होता. चार वर्षं झाली मला. जन्मभराची शपथ घेत नाही, आजच्यापुरतं बघतो.

पाचगावची वहिनी:
भाऊ, दोन गोष्टी. मालकाला "ताप आलाय" म्हणून फोन कोण करतं? उधारी कोण फेडतं? आमच्यात मी करायची. मला वाटायचं संसार सांभाळतेय. ते बंद केलं तेव्हा ह्यांना पहिल्यांदा घाम फुटला. घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या मीटिंगा असतात, वहिनीला पाठवा, तिलापण बोलायला कुणी नसेल.
आणि सेंटर बघून घ्या. आम्ही एका ठिकाणी ठेवलं होतं, नाव सांगत नाही, तिथं मारायचे आणि फोन देत नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसनपण येतं आणि साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे. नोंदणी दाखवा म्हणायचं, दाखवत नसतील तर पायऱ्या उतरायच्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, आमच्या दिरांना तिथं गुण आला.

औषधाच्या काउंटरवरून:
मेडिकलमध्ये बसतो म्हणून सांगतो, झोपेच्या गोळ्या मनानं आणून देऊ नका. दारू आणि त्या एकत्र झाल्या तर श्वास बंद पडू शकतो. रोज पिणाऱ्यांच्यात बी-वन जीवनसत्त्व कमी झालेलं असतं, ते डॉक्टर बहुतेक इंजेक्शननं देतात, घरी ग्लुकोज पाजून भागत नाही. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचारची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि रोज किती, कधीपासून, ते खरं सांगायचं. अर्धं करून सांगतात सगळे. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

लेथवाल्याचा भाऊ:
सगळ्यांचे आभार. पावडर मोरीत ओतली, वहिनी दोन दिवस बोलली नाही, २२०० गेले ना. काल भावाला रंकाळ्यावर नेलं, भेळ घेतली आणि सरळ मुंग्यांचा विषय काढला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला वाटलं येड लागलं रे, म्हणून परत धरली." वर्षभर कुणाला बोलला नव्हता. सोमवारी सीपीआरला जातोय दोघं. तोपर्यंत एकदम बंद करू नको असं मीच सांगितलंय, आई माझ्याकडे बघतच राहिली.