थर्लो वीड यांच्यासाठी ‘पुढारी’ की ‘सूत्रधार’?

प्रश्न : न्यूयॉर्क राज्यातील थर्लो वीड (१७९७–१८८२) यांच्यावर टिपण लिहीत आहे. ते वृत्तपत्र चालवीत, काही काळ आमदार होते आणि व्हिग या तेव्हाच्या अमेरिकी पक्षावर त्यांची पकड होती. इंग्रजीत त्यांना ‘बॉस’ म्हणतात. मराठीत ‘पुढारी’ म्हणावे, की ‘सूत्रधार’?

उत्तर : ‘पुढारी’ मुळीच नको. पुढारी चारचौघांत पुढे होतो, सभा गाजवतो. वीड यांना मागे राहणेच मानवले. राज्याच्या असेंब्लीत ते १८२५ आणि १८३० असे दोनदाच बसले आणि तेव्हा तेथील मुदत एकाच वर्षाची असल्याने ‘माजी आमदार’ ही ओळख खरी असली तरी तोकडी पडते. त्यांचे बळ होते ते १८३० मध्ये ऑल्बनी या राज्याच्या राजधानीत सुरू झालेल्या ‘ईव्हनिंग जर्नल’मध्ये. छापखान्यात उमेदवारी करून वर आलेल्या या गृहस्थाने ते पत्र तीस वर्षांहून अधिक काळ चालवले. १८३८ मध्ये विल्यम सीवर्ड राज्यपालपदी निवडून आले, त्यामागची जुळवाजुळवही त्यांचीच.

‘सूत्रधार’ अर्थाने जवळचा आहे, पण बातम्यांनी तो शब्द कटांना आणि दरोड्यांना वाहून टाकला आहे. (शिवाय नाटकातला सूत्रधार नांदीलाच रंगमंचावर येतो!) मला ‘कर्ताकरविता’ योग्य वाटतो. एरवी तो परमेश्वराकडे जातो, त्यामुळे माणसाला लावला की आदराबरोबर किंचित टोमणाही येतो, आणि वीड यांना ‘डिक्टेटर’ म्हणणाऱ्या समकालीनांच्या बोलण्यातही हीच छटा होती. ‘हुकूमशहा’ मात्र फार जड होईल.

पुरवणी : टिपणात होरेस ग्रीली येणारच. ‘ट्रिब्यून’च्या या संपादकाने नोव्हेंबर १८५४ मध्ये सीवर्ड यांना पत्र लिहून ‘सीवर्ड, वीड आणि ग्रीली’ ही राजकीय ‘फर्म’ धाकटा भागीदार (म्हणजे ते स्वतः) बाहेर पडल्याने मोडल्याचे कळवले. येथे ‘कंपनी’ लिहू नये, ‘पेढी’ लिहावे. भागीदारी, विश्वास आणि बिनसल्यावरची कटुता हे सारे त्या शब्दात आपसूक येते. ग्रीलींना डावलून लेफ्टनंट गव्हर्नरपदाची उमेदवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हेन्री रेमंड यांना मिळाली होती, हे त्या रागाचे एक कारण. पुढे १८६० च्या रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात वीड सीवर्ड यांच्यासाठी झटत असताना ग्रीली ओरेगनचे प्रतिनिधी म्हणून विरोधात उभे राहिले आणि अध्यक्षपदाची उमेदवारी लिंकन यांना मिळाली.