पाचटावर गॅसिफायर बसवून विहिरीची मोटर चालेल का?

गूळकरी_करवीर: नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात चार एकर ऊस आणि आजोबांपासूनचं गुऱ्हाळ. विहिरीवर 5 एचपीची मोटर, पण थ्री फेज आठवड्यातनं तीन-चार दिवस रात्रीचीच. परवा पाणी पाजायला गेलो तर बांधावर घोणस. इकडं ऊस तुटला की पाचटाचा ढीग, शेजारी काडी लावून मोकळे होतात. एकजण 10 किलोवॅटचा गॅसिफायर, म्हणजे जळणाचा गॅस करून त्यावर इंजिन चालवायचं यंत्र, सांगून गेलाय. म्हणतो पाचट, चिपाड, काहीही टाका. मी हिशोब घातला: मोटर आठ तासाला 35 युनिट, युनिटला दीड किलो, म्हणजे दिवसाला 50 किलो. एकरी तीन टन पाचट धरलं तरी 240 दिवस निघतात. कारखाने वीज करतातच की. मग?

बॉयलर_मामा: भावा, हिशोब चुकला नाही, पाचट चुकलंय. मी कारखान्यात बॉयलरवर 31 वर्षं काढली. लागलो तेव्हा 21 किलो प्रेशर होतं, सुटलो तेव्हा 87. कारखान्यात गॅस करत नाहीत, बगॅस, म्हणजे चिपाडच, थेट जाळतात. त्यात निम्मं पाणी असतं तरी जळतंय, कारण भट्टीच घराएवढी. त्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि टर्बाइनमधनं बाहेर पडलेल्या वाफेवरच पुढं रस आटतो. एका वाफेची दोन कामं, म्हणून परवडतंय. चार एकरासाठी तसलं काही बसत नाही.

गॅसिफायरचं वेगळं. हवा कमी देऊन अर्धवट जाळायचं, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन काढायचा, तो इंजिनला द्यायचा. त्याला लाकडाचे ठोकळे नाहीतर नारळाच्या करवंट्या पाहिजेत, एकसारख्या, ओल 20 टक्क्यांच्या आत. पाचट कापसागत हलकं. आत कमान धरून अडकतंय, खाली सरकतच नाही. राखेत पोटॅश आणि सिलिका, ती वितळून दगडागत खंगर होतो. वर गॅसातलं डांबर इंजिनच्या व्हॉल्व्हला चिकटतंय ते निराळंच. ब्रिकेट, म्हणजे दाबून घट्ट ठोकळे, करून घाल म्हणतील, पण ते दाबायला पुन्हा मोटर आलीच. आणि गॅसिफायरच्या गॅसातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. बंद शेडमध्ये गळला तर माणूस बसल्या जागी जातंय.

माझ्या मेव्हण्यानं बसवला होता, कुणाचा ते विचारू नको. तिसऱ्या महिन्यात इंजिन जाम. आता जळण टाकायच्या हॉपरमध्ये खुडूक कोंबडी बसते.

चिपाडाचं तर बोलूच नको. ते गुळाच्या चुलवाणाला पुरतं का आधी सांग.

गूळकरी_करवीर: काठावर पुरतं. पावसात भिजलं की जळण विकत आणतोय.

म्हैसवाला_राधानगरी: आमच्या सहा म्हशी, रोज 80-90 किलो शेण. 25 किलोला एक घनमीटर गोबरगॅस धरा, म्हणजे साडेतीन. घनमीटरला दीड युनिट. सगळं मिळून मोटर एक तास चालेल, आणि गॅसातला हायड्रोजन सल्फाइड आधी लोखंडाच्या किसातनं गाळला नाही तर इंजिन गंजतं. आम्ही वीजबीज सोडली, गॅस चुलीलाच. बायको खूश, स्लरी शेताला.

गूळकरी_करवीर: मग मामा, पाचट पेटवूच का?

बॉयलर_मामा: पेटवायचं नाव काढू नको! कुट्टी करून सरीत दाब, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कंपोस्टचं जिवाणू खत टाक. ओल टिकते, पाण्याची एखादी पाळी वाचते, म्हणजे घोणशीची एक भेटही वाचली. मोटरसाठी सौर पंपाला अर्ज कर. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये सर्वसाधारण गटाला 10 टक्केच भरायचे. आता कुणीतरी म्हणेल कोल्हापुरात जुलैत ऊनच नसतं. नसू दे की, जुलैत उसाला पाणी कोण पाजतंय?

गूळकरी_करवीर: पटलं. पण मामा, त्या गॅसिफायरवाल्याला पाच हजार टोकन दिलंय हो.

बॉयलर_मामा: पावती हाय का?

गूळकरी_करवीर: व्हिजिटिंग कार्डाच्या मागं लिहून दिलंय.

बॉयलर_मामा: उद्या सकाळी तुझ्याबरोबर मी येतो. जेवून निघू, वेळ लागंल.