मिनी ट्रॅक्टरची मागची चाकं रुंद करायची आहेत, माळावर एक बाजू उचलते

माळ आणि मळा, उचगाव भाग:

नमस्कार मंडळी. आमची शेती दोन तऱ्हेची. मार्कंडेय नदीच्या अंगाला दीड एकर ऊस, चार फुटी सरी, आणि वर तांबड्या माळावर रताळी. दोन्हीकडं एकच ट्रॅक्टर, १८ एचपीचा मिनी, मागं ८-१८ चे टायर. उसाच्या भरणीसाठी, बुडाला माती लावायला, म्हणूनच घेतला. तिथं त्याच्याबद्दल काडीची तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात रताळ्याचे वेल लावायच्या आधी माळावर सरी सोडत होतो. उताराला आडवा चाललो होतो. वरच्या अंगाचं चाक जुन्या वरंब्यावर चढलं, त्याच वेळी खालचं सरीत बसलं, आणि वरचं चाक जमीन सोडून वीतभर उचललं. मी अंग टाकून वर झुकलो, गाडी थांबवली, ती परत खाली बसली. बांधावर वडील उभे होते. त्यांनी डोक्याचा टॉवेल काढून हातात घट्ट धरला होता, तोंडातून शब्द नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "माळावर परत बैलं आण." बैलजोडी विकून दोन वर्षं झाली. त्यांचा हात ताटावर थरथरत होता, ते मला विसरता येईना.

मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडा मोजल्या तर ३६ इंच. एका गॅरेजवाल्यानं दोन्हीकडं चार-चार इंच जाडीचे लोखंडी स्पेसर, म्हणजे चाक आणि एक्सलच्या मधल्या चकत्या, घालून देतो म्हटलंय. घालू का? पुढचीही चाकं रुंद करावी लागतील का? आणि मग उसात कसा घालायचा?

ऊसवाला, निपाणी भाग:

चार फुटी सरी म्हणजे ४८ इंच. आता तुमचा ३६ चा ट्रॅक्टर जातो, दोन्हीकडं सहा-सहा इंच मोकळे राहतात. ४४ केलात की दोनच इंच. थोडा हात हलला की कोंब चिरडलेच. मी तर म्हणतो चाकांना हात लावू नका, माळाचं काम भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडून करून घ्या. सरकारच्या कृषी यंत्रधारे केंद्रात, जिथं औजारं भाड्यानं मिळतात, चौकशी करून बघा.

चढ-उतार, खानापूर:

निपाणीकरांचं माप बरोबर, पण आमच्याकडच्या लहान तुकड्यांत मोठा ट्रॅक्टर वळतच नाही. आणि भरणी न् रताळी एका वेळी कुठं असतात? मोठी भरणी झाली, ऊस वाढला, की उसात ट्रॅक्टरचं काम संपलं. त्यानंतर माळ सुरू होतो. म्हणजे वर्षातून दोनदा चाकं बदलायची, एवढंच.

स्पेसर घालू नका. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर कुणीही चकती काढून देईल, प्रश्न तो नाही. चाक जितकं बाहेर जाईल तितका एक्सलच्या बेअरिंगवर आणि स्टडवर, म्हणजे चाकाच्या बोल्टांवर, ताण वाढतो. आधी चाकाची डिश, म्हणजे एक्सलला बसणारी मधली थाळी, बघा. बहुतेक मिनीत ती मधोमध नसते, एका बाजूला खोल असते. खोलगट बाजू कुठं आहे त्यावर चाक आत बसणार की बाहेर ते ठरतं. डावं चाक, तोंड न फिरवता, तसंच सरळ उचलून उजवीकडं न्या, उजवं डावीकडं. चाक बाहेर येतं आणि टायरवरचा बाण पुढच्याच दिशेला राहतो. जागच्या जागी उलटं केलंत तर बाण उलटा होतो आणि ओल्या मातीत पकड जाते. हे आधी कंपनीच्या पुस्तकात बघून घ्या, कुठली मापं चालतात ते त्यात दिलेलं असतं. वॉल्व्ह आतल्या अंगाला जाईल, हवा भरायला जरा वाकावं लागेल.

पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो. गाडी कलंडायला लागते तेव्हा सुरुवातीला आधार मागच्या दोन चाकांचाच. म्हणून आधी मागं बघा. पुढचं वाढवलंत तर टायरॉडही, म्हणजे ती दोन चाकं जोडणारा दांडा, तेवढाच वाढवावा लागतो, नाहीतर चाकं फाकतात.

मागच्या टायरांत पाणी भरून घ्या, वॉल्व्ह वर ठेवून वॉल्व्हच्या पातळीपर्यंतच, म्हणजे साधारण पाऊण टायर. वजन खाली राहतं. औजार उचलून आडवं चालू नका. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवा. रोलबार, म्हणजे डोक्यावरची लोखंडी कमान, असेल तर सीटचा पट्टा बांधा, नसेल तर बांधू नका. आणि चाकं रुंद झाली म्हणून जुन्या वरंब्यावरून आडवं जाऊ नका. जिथं जमेल तिथं उताराला उभं, म्हणजे वर-खाली, चालवा. माझ्या शेजारच्या शिवारात एक तरुण मुलगा असाच गेला, म्हणून एवढं लिहितोय.

माळ आणि मळा, उचगाव भाग:

तुमचे उपकार आहेत. पुस्तक कन्नडमध्ये होतं, मुलीनं वाचून सांगितलं. तुम्ही म्हटलात तसंच, चाकं अदलाबदल करायला परवानगी आहे, आणि स्पेसरचा शब्दही नाही.

रविवारी केलं. मागं जॅक, पुढच्या चाकांना दगड, जॅकखाली फळी. पहिलं चाक काढताना शेजारच्या दोघांना बोलावलं, एकट्याचं काम नाही. टेप आता ४४ दाखवते. तासभर चालवून परत पाना लावला तर चार नट आणखी पाव फेरा फिरले. एरवी हे मी केलंच नसतं, म्हणून लिहून ठेवतो.

एक गोष्ट कुणी बोललं नव्हतं. माझा रोटर, म्हणजे मागचं माती फोडायचं औजार, तीन फुटी, म्हणजे आता दोन्हीकडं चार-चार इंच चाकाचा पट्टा दाबलेलाच राहतो. पुढच्या फेरीला थोडं आत धरून तो फोडून घेतोय. डिझेल जास्त जातं, पण चालेल.

काल त्याच वरंब्यापाशी गेलो. उतरलो, फावड्यानं वरंबा सपाट केला, मगच ट्रॅक्टर पुढं घेतला. चारही चाकं जमिनीवर होती. वडील बांधावर बसले होते, टॉवेल डोक्यावरच होता.

पाणी उद्या भरतो. दोन्ही चाकांच्या डिशवर पांढऱ्या पेंटनं एका अंगाला "ऊस" आणि दुसऱ्या अंगाला "माळ" लिहून ठेवलंय. जो शब्द बाहेरून दिसेल, ट्रॅक्टर त्या कामाला.