मदत हवी आहे : तांबरमला मराठी उपासना जमेल का?

नमस्कार मंडळी. लेकीला चेन्नईच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात प्रवेश मिळालाय (१८३७ची संस्था, १९३७पासून तांबरमला). आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. पोर पेटी-तबल्यावरची भजनं म्हणत वाढलेली, त्यामुळे तिथे उपासना इंग्रजीत की तमिळमध्ये, हाच तिला घोर. हॉस्टेलात चार-दोन जणींनी रविवारी मराठी प्रार्थना घ्यायची तर परवानगी कुणाची, वॉर्डनची की चॅप्लेनची (कॉलेजच्या धर्मगुरूंची)? पेटी नेलेली चालते का?

सोबतची मैत्रीण हिंदू. तिची आई विचारते, चॅपल (कॉलेजातली उपासना) सक्तीचं का? अनुदानित संस्थेत संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, घटनेचं कलम २८(३), एवढं मी सांगितलं. पण रोजचं वातावरण तिथे राहिलेल्यांनीच सांगावं. लवकर कळवा, पेटी दुरुस्तीला टाकायचीय.