घरातल्या जुन्या चित्राचा चित्रकार कोण? तुमचे अनुभव

बऱ्याच घरांत असं एक तरी चित्र असतं. पणजोबांचं पगडीतलं तैलचित्र, नाहीतर देवघरावरची लक्ष्मी. चित्रात कोण आहे ते सगळ्यांना पाठ, पण काढलं कोणी विचारलं की "होता कोणीतरी पेंटर". रविवर्मा, धुरंधर, हळदणकर यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून शिकून तालुक्याच्या गावी ड्रॉइंग मास्तर झालेल्यांवर, इनामदारांच्या तसबिरी काढत फिरलेल्यांवर चार ओळी मिळाल्या तरी नशीब. कोणी असा शोध घेतलाय का? नाव सापडलं नसेल तरी चालेल, कुठवर पोचलात ते लिहा.

*

आम्हाला सापडला! आजोबांचं तैलचित्र आहे, काळा कोट, खांद्यावर उपरणं. सही कुठेच दिसत नव्हती. फ्रेमला वाळवी लागली म्हणून सोडवून घेतली, तेव्हा खालच्या पट्टीमागे झाकलेली सही निघाली: दोन आद्याक्षरं, आडनाव, १९३८ आणि पुढे "जी. डी. आर्ट".

ती सरकारी पदविका, त्यामुळे वाटलं आता काम सोपं. शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड पाहिला. नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, तिच्या जुन्या प्रदर्शनांचे कॅटलॉग मिळाले तेवढे चाळले. तिथेही नाही. शेवटी बाबांनी गावातल्या एका नव्वदीच्या काकांना सहज विचारलं, या आडनावाचे कोणी चित्रकार होते का हो? ते म्हणाले, "चित्रकार कसले, आमचे ड्रॉइंगचे मास्तर! एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायचे. जत्रेच्या नाटकाचे पडदेही तेच रंगवायचे."

पुढे मास्तरांच्या नातीपर्यंत पोचलो. तिच्याकडच्या ट्रंकेत आजोबांचा कृष्णधवल फोटो होता, त्यावर पेन्सिलीने आखलेल्या बारीक चौकटी. म्हणजे फोटोवरून चौकटी टाकून चित्र मोठं केलं होतं. फोटोमागे लिहिलं होतं, "उपरणे रेशीमकाठी. काठाचा रंग विचारणे." चित्रात काठ हिरवा आहे. ते उपरणं आमच्याकडे अजून आहे, काठ हिरवाच. विचारलं होतं मास्तरांनी!

नाव इथे देत नाही, त्यांच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही. पण नुसती नावांची यादी धुंडाळत बसू नका. हे लोक पोटासाठी आणखी काय करायचे ते विचारा, शाळा, पडदे, पाट्या. माणूस तिथे सापडतो.

*

वरच्या पडद्यांच्या मुद्द्याला कोल्हापुरातून अनुमोदन. इथले चित्रकार आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनीही नाटकांचे पडदे रंगवलेत, सिनेमाकडे ते नंतर वळले.

आमच्या पणजीचं चित्र मात्र वेगळंच निघालं. शालू, नथ, पाटल्या, सगळं तैलरंगात. एका कोपऱ्यात रंगाचे पोपडे गेलेत तिथे कॅनव्हास दिसायला हवा, तर खाली करडा गुळगुळीत कागद! ते मोठं केलेल्या फोटोवर चढवलेलं रंगकाम आहे. त्या काळी हे सर्रास चालायचं. दागिन्यांवर रंग जाड, चेहऱ्यावर अगदी पातळ, कारण चेहरा फोटोतलाच ठेवायचा असे. तेव्हा चित्रकाराचं नाव शोधण्याआधी फोटो स्टुडिओचा शिक्का शोधा.

*

"आमच्याकडे ओरिजिनल रविवर्मा आहे" असं मामा आयुष्यभर सांगत आले. भिंग लावलं तर चेहऱ्यावर बारीक ठिपकेच ठिपके. ओलिओग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र! प्रत्येक रंगाचा दगड वेगळा आणि वरून व्हार्निश, म्हणून लांबून तैलचित्रच वाटतं. १८९४ ला रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. खालची छापील ओळ बहुतेक वेळा फ्रेमवाले कापून टाकत, आमचीही कापलेली. साडीवर टिकल्या आणि जर चिकटवलीय, ती मात्र आजीच्या हातची. मामांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

*

माहेर गोव्याचं. आमच्याकडे साडी नेसलेल्या मारियेचं जलरंगातलं चित्र आहे. बघणारा प्रत्येक जण आंजेलो द फोन्सेका म्हणतो (१९०२–१९६७, मूळचे गोव्याचे, पुण्याच्या एका ख्रिस्ती आश्रमात राहून काम केलं). त्यांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे, तिथे जाऊन सह्या ताडून पाहिल्या. आमची जुळत नाही. कोणाची आहे, शोध चालू.

*

न्यू जर्सीहून. चित्र इकडे आणायचं असेल तर आधी वय बघा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षं झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं, ते घरचं म्हणून बॅगेत घालून आणता येत नाही. त्याहून नवं असेल तर पुरातत्त्व खात्याकडून "पुरावस्तू नाही" असा दाखला घेऊन ठेवावा. आमचं नेमकं काठावरचं आणि तारीख नाही. भाऊ म्हणाला, राहू दे इथेच, भिंत तरी आहे.

*

आमच्या चित्राच्या पाठीवर दोन ओळी आहेत, मोडी असाव्यात. ओल्या फडक्याने पुसून बघू का?

*

अहो, अजिबात नको! पाणी लावलंत तर शाई जाईल. अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने आडवा धरून फोटो काढा, दाबाच्या खुणाही दिसतात. मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, मोडी वाचणारे तिथे भेटतील. आणि फोटो इथेही टाका, थोडंफार मोडी मलाही येतं.