कार्यालयवाले लेखी दर का देत नाहीत?

मांडवकरी: एका यजमानांच्या लग्नाचं नियोजन माझ्याकडे आहे. पुण्यातल्या आठ कार्यालयं-लॉन्सना लग्नाचा सविस्तर प्रस्ताव मेल केलाय, थीम, रंगसंगती, फोटो, सगळं. दोघांचं उत्तर 'प्रत्यक्ष या', बाकीचे गप्प. लेखी कोटेशन मिळवायचं कसं?

नारायणपेठी: रंगसंगती मॅनेजर बघतच नाही. त्याच्यापुढे बुकिंगची वही असते आणि तिला तारीख, वेळ, पानं (म्हणजे जेवणारी माणसं) एवढंच कळतं. व्हॉट्सॲपवर इतकंच धाडा: 'रवि. 6 डिसेंबर, नाहीतर शनि. 5. आदल्या संध्याकाळी 5 पासून सीमान्तपूजन, दुसऱ्या दिवशी 4 ला हॉल रिकामा. 350 पानं, जेवण तुमचंच, खोल्या 8.' पर्यायी तारीख नसेल तर 'बुक आहे' म्हटलं की विषय संपला. मुहूर्ताचा आणि आडदिवसाचा भाव वेगळा, त्यात जेवण बाहेरून आणलं की भाडं चढतं; म्हणून तोंडी बोलतात. त्यांचा कागद दाखवून तुम्ही शेजारच्याशी घासाघीस कराल, ही भीती तर असतेच. अधिक महिना मे-जूनमध्ये आला (2026 मध्ये 17 मे ते 15 जून), तर आधीचे मुहूर्त तुंबतात. तेव्हा मेल नको, थेट फोन.

हिशेबनीस: आणि आलेला आकडा पुरा नसतो. भाड्यावर 18 टक्के जीएसटी धरलाय का? लाइट मीटरप्रमाणे की भाड्यात? जनरेटर तासावर की डिझेलवर? साफसफाई, बाहेरचा डेकोरेटर आणला तर कार्यालय घेतं ती रॉयल्टी, डिपॉझिट किती दिवसांत परत? सगळ्यात जास्त फटका किमान पानांचा बसतो. 350 पानांची हमी, दर 800, जेवले 300, तरी 50 पानांचे 40,000 द्यावेच लागतात. हमीचा अंतिम आकडा कधीपर्यंत बदलता येतो, ते लिहून घ्या.

नारायणपेठी: आधीचं कार्य 4 ला संपणार असेल तर 6 च्या रिसेप्शनला फुलांचं स्टेज उभं राहत नाही. डेकोरेटरला आत कधी सोडणार, हेही विचारा. लॉन असेल तर स्पीकर रात्री 10 ला बंद. 'बघू, करू मॅनेज' याला उत्तर समजू नका.

मांडवकरी: तारीख 'होल्ड' करतो म्हणालेत एक जण. त्याला कितपत अर्थ?

हिशेबनीस: टोकन दिल्याशिवाय शून्य. तरी मेसेज टाकाच: 'गुरुवारी संध्याकाळी 6 पर्यंत होल्ड, मध्ये दुसरी पार्टी आली तर आधी आम्हाला फोन.' नुसता अंगठा आला तर पुन्हा विचारा, 'ओके' टाइप करून घ्या. तुमचं कमिशन दरात मिळवलंय का, तेही तेव्हाच विचारा. यजमान परस्पर कार्यालयात गेले आणि त्यांना कमी भाव कळला, की तुमची पंचाईत.